‘शुगरची गोळी’ नावाची गोळी नसते

रमजानला अजून दोन महिने आहेत आणि मी आत्ताच लिहायला बसले आहे. चाँद दिसल्यावर या विषयावर लिहून उपयोग नसतो. तोवर घराघरांत निर्णय झालेले असतात. अब्बा सगळे रोजे ठेवणार, अम्मीही ठेवणार, सकाळची गोळी सहेरीत आणि रात्रीची इफ्तारला घेतली की झालं. हा निर्णय कोण घेतं? शेजारच्या खाला घेतात, मेडिकलच्या काउंटरवरचा पोरगा घेतो, व्हॉट्सॲपवरचा कुणीतरी अनोळखी हकीम घेतो. ज्याने आजार तपासला त्या डॉक्टरला कुणी विचारत नाही आणि तोही आपणहून सांगत नाही. माझं भांडण या पद्धतीशी आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. झालेली शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. कुणाला कोणती गोळी द्यावी हे सांगणं माझं काम नाही आणि या लेखात मी ते करणारही नाही. पण शाळा सुटल्यावर मोहल्ल्यातल्या बायका हातात चिठ्ठी घेऊन येतात, “आपा, जरा देखो ना, क्या लिखा है.” वीस वर्षं या चिठ्ठ्या वाचते आहे. त्यावरून एक गोष्ट ठामपणे म्हणू शकते. मधुमेहाच्या बाबतीत आपल्याकडे जे बिघडतं, त्यातलं बरंचसं शब्दांत बिघडतं. चार-पाच गुळगुळीत शब्द आहेत. पेशंट ते बोलतो, डॉक्टर मान हलवतो आणि दोघांनाही वाटतं की बोलणं झालं.

प्रश्न लहान नाही. आयसीएमआरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात छापून आले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाच्या दस्तरख्वानावर यांपैकी कुणीतरी बसलेलं आहे.

पहिला शब्द ‘शुगरची गोळी’. विचारा कुणालाही, “गोळी कोणती चालू आहे?” उत्तर येतं, “शुगर की.” नाव माहीत नाही. रंग माहीत असतो, कंपनी बदलली की तोही बदलतो. बहिणीची गोळी संपली तर भावाच्या पाकिटातून दोन दिल्या जातात, कारण दोघांनाही ‘शुगरच’ आहे. पण या गोळ्यांची खानदानं वेगळी आहेत आणि त्यांचे स्वभावही वेगळे आहेत.

मेटफॉर्मिन घ्या. युरोपात उगवणाऱ्या गॅलेगा नावाच्या झुडपावरून या औषधाचा माग लागला आणि १९५७ साली पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी ते माणसांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. ते मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करतं. एकटं घेतलं तर साखर धोक्याच्या खाली सहसा नेत नाही. आता ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड घ्या. या घराण्याचा जन्मच साखर घसरण्यातून झाला. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात डॉ. जाँबाँ टायफॉइडच्या रुग्णांवर एक नवं सल्फा औषध वापरत होते आणि रुग्णांची साखर एकदम खाली जाऊ लागली. काही दगावले. त्याच गुणाचा पुढे मधुमेहावर उपयोग झाला. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती विचारत नाही. गोळी घेतली आणि दुपारपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर ती आपलं काम करतच राहते.

तिसरं खानदान अलीकडचं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. भारतातली पेटंटं संपल्यावर ती स्वस्त झाली आणि आता तालुक्याच्या चिठ्ठीवरही दिसतात. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा आहे, हे खरं. पण लघवीबरोबर पाणीही जातं आणि खाज, बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. बाई ही तक्रार लाजेने कुणाला सांगत नाही, गुपचूप मलम लावते. डॉक्टर विचारत नाही. त्याहून मोठा धोका असा की या गोळ्यांवर असताना क्वचित रक्तात आम्ल साचतं आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली नसते. उलट्या, पोटदुखी, धाप, आणि ग्लुकोमीटरवर १८०. घरचेही म्हणतात, शुगर ठीक आहे, पोट बिघडलं असेल. कधीकधी दवाखान्यातही तेच म्हणतात. गोळीचं नाव सांगितलं असतं तर कीटोन तपासायचं कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

शिवाय एकाच गोळीत दोन-तीन औषधं भरलेली असतात. नावापुढे एम, एम-१, एम-२, फोर्ट असं काहीतरी लिहिलेलं असतं. पेशंटला वाटतं एकच गोळी घेतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी ३२८ मिश्रणं एका फटक्यात बंद केली होती, त्यात मधुमेहाचीही होती. बाजारात काय काय भरून विकलं जात होतं, याची कल्पना त्यावरून यावी.

इन्सुलिनचं तर याहून भयंकर. आपल्या देशात साध्या बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० च्या ताकदीचं असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० च्या. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात, लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेषेपर्यंत ओढलं, तर अंगात ५० युनिट जातात. अडीच पट! बी.एड.ला शिकवलेलं साधं त्रैराशिक आहे हे. पण पेशंटला ते कुणी समजावून सांगत नाही. बाटली विकणाऱ्याने “सिरिंज कोणती?” एवढं जरी विचारलं, तरी एखादा जीव वाचेल.

दुसरा शब्द ‘बॉर्डर’. “शुगर बॉर्डरपे है.” कुठली बॉर्डर? नियम साधे आहेत. आठ तास काही न खाता-पिता रक्त दिलं आणि साखर १२६ किंवा वर आली, ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा वर आली, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा वर आलं, तर मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारायचा नसतो, दुसऱ्या तपासणीने खात्री करायची असते. पण आपल्याकडे दोन्ही टोकं दिसतात. कुणाला बोटावरच्या एका थेंबाच्या मशीनवर ‘शुगर आली’ असं सांगून त्याच दिवशी गोळी सुरू होते. घरच्या मशीनला १५ टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा आंतरराष्ट्रीय मानकातच आहे. आंबा सोलून हात न धुता बोट टोचलं तर आकडा उगाच वाढतो. रोजची नजर ठेवायला ते मशीन उत्तम आहे, निदान करायला नाही. दुसरीकडे कुणाचा आकडा १४० असतो आणि त्याला ‘बॉर्डर’ म्हणून पाच वर्षं घरी बसवलं जातं. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम दिसल्यावर बॉर्डर कधीच ओलांडली होती हे कळतं.

आणि ‘फास्टिंग’? दुधाचा चहा घेऊन फास्टिंगला जाणारे मला रोज भेटतात. “चाय ही तो पी, खाया कुछ नहीं.” तपासणीच्या आधी चार दिवस भात-मिठाई बंद करून चांगला आकडा आणणारेही भेटतात. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी करणारी मुलं मला आठवतात. एचबीए१सी ही चलाखी पकडतं, कारण ते गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतं. मात्र त्यालाही एक फट आहे. ते लाल पेशींवर मोजलं जातं. अंगात लोह कमी असेल तर ते खोटं वाढलेलं दिसू शकतं. सिकलसेल, थॅलेसेमिया असेल, नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर खोटं कमी दिसू शकतं. या देशात निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या आहेत, विदर्भ-खानदेशच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. मग हिमोग्लोबिन न बघता नुसत्या एचबीए१सीवर निकाल का लावला जातो?

तिसरा शब्द ‘कमजोरी’. हा तर आपल्या मोहल्ल्याचा लाडका शब्द आहे. थकवा आला, वजन उतरलं, सारखी तहान लागते, तर ‘कमजोरी’. इलाजही ठरलेला, सलाईन चढवा. पेशंटच हट्ट धरतो आणि डॉक्टर त्याचं मन राखतो. ज्याच्या रक्तात आधीच साखर उतू चालली आहे, त्याच्या शिरेत ग्लुकोजची बाटली लावली जाते. सुई टोचायच्या आधी एक थेंब तपासायला किती पैसे लागतात?

यातली सगळ्यात वाईट बाब लहान मुलांची. मुलांनाही मधुमेह होतो, हेच आपल्याला पटत नाही. टाइप १ म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच न होणं. त्यात मिठाई खाण्याचा दोष नाही, आईचा दोष नाही. वर्गात अशी मुलं शिक्षकाला आधी दिसतात. दर तासाला लघवीला जायची परवानगी मागतं, बाटलीवर बाटली पाणी पितं, युनिफॉर्म ढगळ होत जातो, मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. मग एक दिवस उलट्या, पोटदुखी, खोल खोल श्वास. त्यावर निदान काय होतं? पोटाचं इन्फेक्शन, जंत, दमा. काही घरांत ‘असर’. जी तपासणी दोन मिनिटांत होते ती राहून जाते आणि मूल बेशुद्ध होऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचतं. शिक्षक मित्रांनो, दर तासाला परवानगी मागणाऱ्या मुलाला बाकावर उभं करू नका. त्याच्या आईला बोलावून रक्त तपासायला सांगा.

टाइप १ मोठ्या वयातही होतो. तिशी-चाळिशीतला सडपातळ माणूस, गोळ्या वाढवत नेल्या तरी साखर हटत नाही, वजन घटतंय. त्याला “परहेज करत नाही” म्हणून झापलं जातं. वय बघून टाइप २ चा शिक्का मारलेला असतो, तो पुन्हा कुणी तपासत नाही. अशा वेळी सी-पेप्टाइड, जीएडी अँटिबॉडी अशा तपासण्या असतात. त्याबद्दल डॉक्टरला विचारण्याचा हक्क पेशंटला आहे. तसं विचारलं तर तो अपमान मानला जाऊ नये.

चौथा शब्द ‘नॉर्मल’. “सब नॉर्मल है, गॅस हुआ होगा.” जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात. त्यामुळे हार्ट अटॅक येतो तेव्हा छातीत कळ येईलच असं नाही. नुसता घाम, मळमळ, धाप, जबड्यात जडपणा. जेलुसिल पाजून माणसाला झोपवलं जातं. मधुमेही माणसाला अचानक असं झालं तर ईसीजी होईपर्यंत ‘गॅस’ हा शब्द उच्चारायलाच बंदी हवी.

पायांचंही तेच. मुंग्या येतात, जळजळ होते, तर “शुगर के वजह से है, नॉर्मल है.” असेलही. पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्याचीही लक्षणं हीच. जोडीला रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर शक्यता वाढते. इथे आपल्या लोकांचा एक खास युक्तिवाद असतो, “आपण तर गोश्त खातो, बी-१२ कसं कमी होईल?” ताटात असणं वेगळं आणि आतड्यात शोषलं जाणं वेगळं. तपासणी करावी, कमी असेल तर भरून काढता येतं. त्यासाठी मेटफॉर्मिन मनाने बंद करायची गरज नसते. उगाच नसांच्या महागड्या गोळ्या खात बसण्यापेक्षा हे बरं.

आता त्या भिंतींबद्दल बोलू. बसस्टँडची भिंत, उर्दू पेपरचा शेवटचा कोपरा, केबलची पट्टी, “शुगर जड से खत्म.” १९५४ सालचा औषधे व जादुई उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायदा आहे. ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्या यादीत मधुमेह आहे. म्हणजे ती भिंत सत्तर वर्षांपासून बेकायदा आहे. तरी रंग सुकत नाही. यात युनानी-आयुर्वेदाचा अपमान करायचा मला हौस नाही. प्रश्न पुडीत काय आहे याचा आहे. ‘देशी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांत ग्लिबेनक्लामाइडसारखी इंग्रजी गोळी कुटून मिसळल्याची प्रकरणं जगभर पकडली गेली आहेत. २००८ साली सिंगापूरमध्ये ताकदीच्या औषधांत ती निघाली, शंभरावर माणसं साखर घसरून रुग्णालयात गेली आणि काही मेली. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह नव्हताच. सांधेदुखीच्या पुडीत स्टिरॉइड निघतं. गुडघे दोन दिवसांत मोकळे होतात आणि साखर ४०० वर जाते. स्टिरॉइड आणि वाढलेली साखर एकत्र आली की काय होतं, हे २०२१ साली काळ्या बुरशीने महाराष्ट्राला दाखवलं आहे. डॉक्टरला पुडीबद्दल लपवून ठेवू नका. आणि डॉक्टरांनो, पुडीचं नाव काढल्यावर ओरडू नका. ओरडलात की पुढच्या वेळी पेशंट लपवतो आणि तुमचं निदान चुकतं.

आता रमजान. २००१ साली भारतासह १३ देशांत ‘एपिडायर’ नावाचा अभ्यास झाला. १२ हजारांहून जास्त मुस्लिम मधुमेही त्यात होते. टाइप २ च्या ७९ टक्के लोकांनी किमान १५ रोजे ठेवले होते, टाइप १ च्या ४३ टक्के लोकांनीही. साखर गंभीर घसरण्याचे प्रसंग इतर महिन्यांच्या मानाने टाइप १ मध्ये जवळपास पाचपट आणि टाइप २ मध्ये सातपटीहून जास्त झाले. म्हणजे “रोजा ठेवू नका” एवढं एक वाक्य बोलून फाइल मिटणाऱ्या डॉक्टरने हे समजून घ्यावं की लोक ठेवणारच आहेत. फक्त तुम्हाला न सांगता ठेवतील आणि गोळ्यांची वेळ मनाने ठरवतील. संध्याकाळी अस्रच्या सुमारास माणूस घामाघूम होतो, हात थरथरतात, बरळतो, चिडतो, तोंड वाकडं होतं. बघणारे म्हणतात लकवा आहे, बीपी आहे, कुणी म्हणतं हवा लागली, दम करून घ्या. आणि “मग़रिबला अर्धा तासच राहिला आहे” म्हणून त्याला साखर दिली जात नाही. त्या अर्ध्या तासात मेंदूचं नुकसान होऊ शकतं.

मला हा ‘सब्र’ मान्य नाही. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजारी माणसाला सवलत आहे, नंतर रोजे भरून काढायची सोय आहे, ज्याला कधीच जमणार नाही त्याला फिदया आहे. जी सवलत अल्लाहने दिली ती नाकारण्यात कसली परहेजगारी? बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, यावर उलेमांचं एकमत आहे. तरी मोहल्ल्यात ‘खून निकला, रोजा गया’ अजून चालू आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी हे दोन मिनिटं सांगितलं तर शंभर शिबिरांचं काम होईल. त्याच मार्गदर्शिकेत असंही आहे की रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरला भेटावं. कुणाला रोजे सुरक्षित आहेत, कुणाला नाहीत, कोणती गोळी कमी करायची, कोणती इफ्तारला हलवायची, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. म्हणून हा लेख आज.

मला माहीत आहे, डॉक्टर म्हणतील, ओपीडीत शंभर पेशंट असतात, वेळ कुठे आहे? वेळ नाही हे खरं आहे. सरकारी दवाखान्यात तर माणसंच अपुरी आहेत आणि त्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण चिठ्ठी मोठ्या अक्षरांत, औषधाच्या मूळ नावाने लिहावी असा मेडिकल कौन्सिलचा नियम २०१६ पासून आहे. त्याला जास्त वेळ लागत नाही. पाठीमागे मराठीत किंवा उर्दूत तीन ओळी हव्यात. ही गोळी कशासाठी, जेवण चुकलं तर घ्यायची की नाही, काय झालं तर लगेच यायचं. छापून ठेवा, टिकमार्क करा. उर्दूत लिहून द्यायला माणूस मिळत नसेल तर आमच्या शाळांतले शिक्षक बसले आहेत, पैसे न घेता लिहून देतील. मी देईन.

आणि आपण? आपण निदान गोळीचं नाव पाठ करावं. ज्या घरात पोरांना दहा सूरह तोंडपाठ आहेत, क्रिकेटच्या अकरा जणांची नावं पाठ आहेत, तिथे अब्बांच्या दोन गोळ्यांची नावं पाठ होत नाहीत यावर माझा विश्वास नाही. आज संध्याकाळी पाकीट उलटं करा, चमकी कापून फेकू नका, नाव कागदावर लिहा, फ्रिजवर चिकटवा. मग तो कागद घेऊन या आठवड्यात डॉक्टरकडे जा. रमजानला अजून दोन महिने आहेत.